वरिष्ठ पदे भरताना एवढे विचारा : राज्यातील विद्यापीठांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांचे माननीय कुलगुरू,
तसेच व्यवस्थापन परिषदांचे आणि निवड समित्यांचे सन्माननीय सदस्य

विषय : प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापक पदांच्या भरतीत संशोधनातील समता व समावेशनाला ठोस स्थान देण्याबाबत.

महोदय / महोदया,

राज्यातील एका विद्यापीठाची वरिष्ठ पदांची जाहिरात नुकतीच माझ्या वाचनात आली. दीर्घकाळ रिकाम्या राहिलेल्या प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापक पदांची ती जाहिरात असल्यामुळे ती पाहून समाधान वाटायला हवे होते. अर्जासोबत काय काय जोडावे याची यादी पानभर होती : शोधनिबंधांच्या प्रती, संशोधन गुणांकाचे विवरणपत्र, प्रकल्पांना मिळालेल्या निधीची पत्रे, परदेशातील व्याख्यानांची निमंत्रणे, सध्याच्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र. उमेदवाराने आजवर कोणाला संशोधक म्हणून उभे केले, कोणत्या समाजातील मुलामुलींना प्रबंधापर्यंत पोहोचवले, ज्यांच्यावर संशोधन केले त्यांच्याकडे निष्कर्ष घेऊन तो परत गेला का, हे विचारणारा एकही रकाना त्यात नव्हता. काही आरक्षित पदांपुढे 'पुनर्जाहिरात' असे छापले होते. मागच्या वेळी योग्य उमेदवार मिळाला नाही, असा त्याचा अर्थ. का मिळाला नाही, याचा खुलासा कोठेही नव्हता. ही एकच जाहिरात अशी असती तर मी लेखणी उचलली नसती. परंतु जाहिरातींचा साचा सर्वत्र जवळपास हाच आहे, म्हणून कोणा एका विद्यापीठाचे नाव न घेता हे पत्र मी आपणा सर्वांना लिहीत आहे आणि ते सर्वांना वाचता यावे म्हणून खुले ठेवत आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, हे आधी सांगणे योग्य होईल. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. आमच्या घरी तेलुगू बोलली जाते, शिक्षण मराठीत झाले, वडील यंत्रमागावर होते आणि आई विड्या वळत असे. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा मी उत्तीर्ण झाले तेव्हा विडी कामगार स्त्रियांचे काम आणि त्यांची मजुरी हा माझा विषय मनाशी पक्का होता. विभागातील प्राध्यापकाचे पद निवृत्तीनंतर रिकामे होते आणि उरलेल्या मार्गदर्शकांकडील जागा भरलेल्या होत्या. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातील एका मार्गदर्शकांनी मला घेतले, परंतु 'यावर आकडेवारी तयार नाही, निबंध छापून येणार नाहीत' असे सांगून बचतगटांचा विषय दिला. माझा प्रबंध बचतगटांवर आहे. त्यानंतर अनेक वर्षे मी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, शिकवले. हे सारे गाऱ्हाण्यासाठी सांगत नाही. वरिष्ठ पद रिकामे राहिले की कोणता विषय अभ्यासाविना राहतो, याचे मला सर्वांत जवळून ठाऊक असलेले उदाहरण माझेच आहे.

आता मूळ मुद्दा. विद्यापीठांत समतेचा विचार निघाला की चर्चा विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर आणि फार तर सहायक प्राध्यापकांच्या भरतीवर थांबते. संशोधनात कोण येणार आणि कशावर संशोधन होणार, हे मात्र त्याच्या वरच्या दोन पायऱ्यांवर ठरते. संशोधन मान्यता समितीत आराखडा मंजूर करणारे, अभ्यास मंडळाचे अध्यक्ष होणारे, प्रबंधाचे परीक्षक सुचवणारे आणि पुढच्या निवड समित्यांत तज्ज्ञ म्हणून बसणारे सगळे बहुतेक करून प्राध्यापक असतात. त्या खुर्च्यांवर कोण बसते, याचा प्रश्न म्हणूनच आस्थापना विभागाच्या एका फाइलीपुरता राहत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.विषयक विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित झाले. त्यांनुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शक नियमित पूर्णवेळ शिक्षक असावा लागतो, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी राहिला असेल तर त्याला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि चार सहायक अशी मंजूर पदे असलेला विभाग धरा. सर्व पदे भरलेली असतील तर तेथे छत्तीस जणांना संशोधन करता येते. वरची तीन पदे रिकामी ठेवा, की वीस जागा गेल्या. सहायक पदांवरही तासिका तत्त्वावरील माणसे असतील, तर त्यांनी वर्गात कितीही तास घेतले तरी एकालाही मार्गदर्शन करण्याचा अधिकार त्यांना नाही.

याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे. राज्याच्या सामाजिक आरक्षणात भटक्या जमाती (ब) यांना अडीच टक्के, भटक्या जमाती (ड) यांना दोन टक्के आणि माझा पद्मशाली समाज ज्यात येतो त्या विशेष मागास प्रवर्गाला दोन टक्के वाटा आहे. छत्तीस जागांवर अडीच टक्के म्हणजे जवळपास एक जागा. विभागात एकच सहायक प्राध्यापक उरला, तर त्याच्या चार जागांवर तो जेमतेम एक दशांश होतो. विभाग जितका आटेल तितके लहान समाज गणितातूनच बाहेर पडतात, आणि कोणी कोणावर अन्याय केला असे कागदावर कोठेही दिसत नाही. सोलापुरात हे अधिक टोचते. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात डांबलेल्या लोकांची मोठी वसाहत या शहरात होती, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, आणि 'सेटलमेंट' हे नाव त्या भागाला आजही चिकटलेले आहे. त्या वस्तीतील पदवीधरांना आपल्याच आजोबांचा इतिहास लिहायचा असेल, तर त्यांना मार्गदर्शक कोण मिळणार, या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी कोणी देऊ शकेल का? केंद्राच्या आरक्षण यादीत विमुक्त (त्या कायद्यातून मुक्त झालेल्या) व भटक्या जमातींचा स्वतंत्र प्रवर्गच नाही. त्यामुळे दिल्लीत ठरलेल्या निकषांना हे समाज दिसणार नाहीत, हे गृहीत धरून राज्यातील विद्यापीठांनीच त्यांची दखल घेतली पाहिजे.

दुसरी तक्रार गुणांकनाची. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्राध्यापकपदासाठी पीएच.डी., दहा वर्षांचा अनुभव, किमान दहा शोधनिबंध आणि १२० संशोधन गुण लागतात. सहयोगी प्राध्यापकासाठी आठ वर्षे, सात शोधनिबंध आणि ७५ गुण. हे गुण येतात कोठून, ते पाहण्यासारखे आहे. 'इम्पॅक्ट फॅक्टर' (नियतकालिकातील निबंधांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात याचे मोजमाप) नसलेल्या, परंतु तज्ज्ञांकडून तपासल्या जाणाऱ्या नियतकालिकात निबंध आला तर पाच वाढीव गुण, आणि दहाहून अधिक इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकात आला तर तीस. मराठीतील संशोधनपर नियतकालिके पहिल्याच ओळीत बसतात, हे आपण जाणता. परदेशात निमंत्रित व्याख्यान दिले तर सात गुण. यंत्रमाग कामगारांच्या चाळीत वर्षभर बसून त्यांच्या आठवणी नोंदवल्या आणि निष्कर्ष त्यांच्याच सभेत मांडले, तर शून्य. ज्याने पहिल्या पिढीच्या मुलीला इंग्रजी संदर्भ वाचायला शिकवण्यात दोन वर्षे घालवली आणि ज्याने तयार विद्यार्थी निवडून तेवढ्याच काळात चार निबंधांवर आपले नाव जोडले, त्या दोघांपैकी पुढे कोण जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

६ जानेवारी २०२५ रोजी आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा जाहीर केला, तेव्हा या बाबतीत थोडी आशा वाटली होती. गुणांच्या तक्त्याऐवजी लक्षणीय योगदानाची नऊ क्षेत्रे त्यात सुचवली होती, त्यांपैकी किमान चारांत काम दाखवायचे होते, आणि भारतीय भाषांतील अध्यापन व समाजसंपर्क ही त्यांतली दोन होती. मसुद्यावरची चर्चा कुलगुरूंच्या निवड पद्धतीने व्यापून टाकली आणि या नऊ क्षेत्रांवर फारसे कोणी बोलले नाही. संशोधनात वंचित गटांना सामावून घेणे हे स्वतंत्र योगदान म्हणून त्या नऊंतही नव्हतेच.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते : संशोधनाला गुणवत्ता लागते, समावेशनाचा आग्रह धरला की ती ढळते. या उत्तराला मी माझ्या गल्लीतील एका दुपारीने उत्तर देते. विडी कामगार स्त्रियांच्या एका सर्वेक्षणात मी दुभाषी म्हणून गेले होते. प्रश्नावलीच्या पहिल्याच पानावर 'आपण दररोज किती तास काम करता?' असा प्रश्न होता. आमच्याकडच्या बाया काम तासांत मोजत नाहीत, हजारांत मोजतात, कारण मजुरीचा दर हजार विड्यांमागे ठरतो. पाने भिजवायची, पत्र्याच्या साच्यावर ती कातरायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन विड्या वळायच्या, त्यांची तोंडे मोडायची, मध्येच उठून भाकरी टाकायची, संध्याकाळी शाळेतून आलेल्या मुलीला बंडले बांधायला बसवायचे, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात छाट म्हणून जितक्या विड्या बाजूला निघतील तितकी मेहनत मजुरीविना गेली असे समजायचे. यातला कोणता तास कोणाचा? त्या बाईंनी विचारणाऱ्याचा मान राखून 'आठ' असे सांगितले आणि त्याने आठ लिहिले. त्या आठाची पुढे सरासरी निघाली आणि सरासरीचा तक्ता झाला. मुलीचे काम, छाटात गेलेली मजुरी आणि पाने भिजवण्याची पहाट, यांपैकी काहीही त्या तक्त्यात आले नाही. तो अभ्यासक प्रामाणिक होता. त्याच्या मार्गदर्शकांच्या खोलीत ती प्रश्नावली वाचून 'हा प्रश्न चुकला आहे' असे म्हणू शकणारे कोणी नव्हते, एवढेच. गुणवत्ता म्हणायची ती कशाला, हे आपणच सांगावे.

मुंबईच्या गिरणगावावर कपाटे भरतील इतके लिहिले गेले. सोलापूरची जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी यांच्या भिंतींआड जे घडले, १९३० च्या मार्शल लॉमध्ये ज्या कामगार कुटुंबांनी हाल सोसले, तेलंगणातून आलेल्या विणकरांची घरे कशी बसली, उर्दू आणि कन्नड बोलणाऱ्या बायकांचे या शहराच्या अर्थव्यवस्थेतले स्थान काय, यांवर गंभीर अभ्यासाची त्या मानाने वाणच आहे. सामग्रीला तोटा नाही. चार भाषांत ती विखुरलेली आहे, आणि त्या चार भाषांत वावरणारी माणसे प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाहीत.

ती का पोहोचत नाहीत, ही माझी तिसरी तक्रार. २०१८ च्या विनियमांनुसार तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा अनुभवात धरायची असेल, तर त्या काळातले वेतन नियमित शिक्षकाच्या एकूण वेतनापेक्षा कमी असून चालत नाही. तासिका तत्त्वावरील मानधन त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे शासन आणि संस्था मिळून आधी आम्हाला कमी मोबदल्यात राबवतात, आणि मग मोबदला कमी होता या कारणाने ती वर्षे मोजतच नाहीत. सहयोगी प्राध्यापकासाठी आठ वर्षे आणि प्राध्यापकासाठी दहा वर्षे हा अनुभव आम्ही आणायचा कोठून? ज्यांच्या घरी दुसरे उत्पन्न आहे ते थांबू शकतात. बाकीचे खाजगी शिकवण्यांत, विमा एजन्सीत किंवा दुकानात जातात आणि त्यांच्यासोबत त्यांचे विषयही जातात. 'योग्य उमेदवार मिळाला नाही' या शेऱ्यामागे हे सारे दडलेले असते.

एक तक्रार थोडक्यात. वंचित गटातील जी काही मोजकी माणसे वरिष्ठ पदांवर पोहोचतात, त्यांना समान संधी कक्ष, तक्रार निवारण, वसतिगृह, जयंत्या अशा प्रत्येक समितीवर नेमले जाते आणि पुढे त्यांचेच संशोधन कमी पडले म्हणून बोट दाखवले जाते. आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांनी समान संधी कक्ष व भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली, ती योग्यच आहे. ते काम एकाच माणसाच्या खांद्यावर आणि मोबदल्याविना टाकावे, असे त्यांत म्हटलेले नाही.

इतरत्र याबाबत काय झाले, तेही पाहावे. कॅनडात २००० साली सरकारी निधीतून संशोधन अध्यासनांची (संशोधनासाठीच्या खास प्राध्यापकपदांची) मोठी योजना सुरू झाली. नेमणुकांत पुरुषांचे प्राबल्य दिसले, तेव्हा २००३ मध्ये आठ प्राध्यापिकांनी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली, २००६ मध्ये तडजोड झाली, आणि त्या तडजोडीची अंमलबजावणी ढिली पडल्यावर २०१९ मध्ये विद्यापीठांना बंधनकारक लक्ष्ये ठरवून दिली गेली. २०२९ अखेर या अध्यासनांवर स्त्रिया ५०.९ टक्के, वांशिक अल्पसंख्य २२ टक्के, अपंग व्यक्ती ७.५ टक्के आणि आदिवासी ४.९ टक्के असावेत, असे ते लक्ष्य आहे, आणि मागे पडणाऱ्या विद्यापीठाच्या पुढील शिफारशींवर निर्बंध येतात. ही पद्धत जशीच्या तशी येथे आणा, असे मी म्हणत नाही. नेमणुकीचे प्रमाण ठरवण्याचा धडा आपल्याला परदेशातून घ्यावा लागत नाही. २६ जुलै १९०२ च्या करवीर संस्थानच्या आदेशाने पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या होत्या. कॅनडाकडून घेण्यासारखे आहे ते एवढेच, की आकडे जाहीर करावेत, मुदत घालावी आणि मुदत चुकली तर तिची किंमत विद्यापीठाने मोजावी.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. प्रत्येक विद्यापीठाने विभागवार व श्रेणीवार मंजूर, भरलेली व रिकामी पदे, मागासवर्ग कक्षाने तपासलेल्या बिंदुनामावलीसह (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी याच्या क्रमवार नोंदीसह), दरवर्षी पीएच.डी. प्रवेश परीक्षेच्या सूचनेआधी संकेतस्थळावर टाकावीत, आणि रिकाम्या पदांमुळे मार्गदर्शनाच्या किती जागा बंद आहेत हा आकडा त्याच तक्त्यात द्यावा. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली अध्यापकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते, पण तो सर्व श्रेणींचा मिळून आकडा आहे. स्त्रिया, अपंग आणि प्रत्येक आरक्षित प्रवर्ग यांचे प्राध्यापक श्रेणीतील प्रमाण विद्यापीठाने वेगळे छापावे.

वरिष्ठ पदाच्या प्रत्येक अर्जासोबत उमेदवाराकडून दोन पानांचे निवेदन मागवावे. त्याने कोणाला मार्गदर्शन केले, त्यांपैकी किती जणांनी प्रबंध पूर्ण केला आणि किती जणांनी मध्येच सोडला व का, कोणत्या भाषांत काम केले, अभ्यासलेल्या समाजाकडे निष्कर्ष कसे पोहोचवले, आणि आपल्या विभागात पुढील पाच वर्षांत तो काय बदलू इच्छितो, हे त्यात असावे. मुलाखतीत या निवेदनावर प्रश्न विचारले जावेत आणि त्यासाठी राखून ठेवलेले गुण जाहिरातीतच छापलेले असावेत. हे निवेदन खुल्या प्रवर्गातील उमेदवारालाही तितकेच लागू असावे, याबाबत माझा विशेष आग्रह आहे. विशिष्ट समाजात जन्म घेणे आणि त्या समाजातील मुलांसाठी संशोधनाची वाट रुंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरक्षण पहिलीची काळजी घेते आणि ते घेतलेच पाहिजे, दुसरीची विचारणा मात्र प्रत्येकाकडे व्हायला हवी.

आरक्षित पदावर कोणीच निवडले गेले नाही, तर किती अर्ज आले, छाननीत किती टिकले, मुलाखतीला किती बोलावले आणि समितीने कोणत्या कारणाने नकार दिला, हे व्यक्तींची नावे न देता लेखी जाहीर करावे. उमेदवारांत अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्य, स्त्री किंवा अपंग असतील आणि समितीत त्या गटाचे कोणी नसेल, तर कुलगुरूंनी तसा सदस्य नेमावा, अशी तरतूद आहेच; तो सदस्य शक्यतो त्या विषयाचा जाणकार असावा आणि छाननीपासून सहभागी असावा, केवळ मुलाखतीच्या दिवशी सहीपुरता बोलावलेला नसावा. वरिष्ठ पदावर आलेल्यांचे समित्यांवरील काम कार्यभारात मोजले जावे. आणि तासिका तत्त्वावरील सेवा अनुभवात धरण्याविषयीचा ठराव आपापल्या विद्या परिषदेत व व्यवस्थापन परिषदेत मंजूर करून तो शासनाकडे व आयोगाकडे पाठवावा.

पदे भरायला शासनाची आणि वित्त विभागाची मान्यता लागते, ती विद्यापीठाच्या हाती नाही, हे मला मान्य आहे. मात्र वर मागितलेला तक्ता, दोन पानांचे निवेदन, नकाराची लेखी कारणे आणि समितीचा सदस्य यांपैकी एकाही गोष्टीसाठी मंत्रालयात फाइल पाठवावी लागत नाही. पुढील जाहिरात काढण्यापूर्वी एवढे करता येईल. कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि नसल्यास का नाही, याचे उत्तर आपण आपल्या संकेतस्थळावर द्यावे, अशी विनंती आहे. मला व्यक्तिशः उत्तर नको.

कळावे,
आपली नम्र,
एक माजी तासिका प्राध्यापिका
पूर्व भाग, सोलापूर